रेघ आणि तिचे कारण

मराठवाड्यातील शेतकरी आणि न्यायालय यांची सोयरीक फार जुनी आहे, आणि ती बहुधा बांधावरून जुळलेली असते. शेजाऱ्याने नांगर चार बोटे अलीकडे घातला, बांध कोरला, की प्रथम शब्द, मग शिव्या, मग मोजणीचा अर्ज आणि शेवटी दावा. मोजणीदार येतो, खुणा कायम करतो. ती मोजणी मान्य नसली तर तिच्यावर पुन्हा दाद मागितली जाते. बापाने लावलेला दावा मुलगा चालवितो, आणि वादातील जमिनीच्या किमतीपेक्षा वकिलाच्या घरी जाण्यायेण्याचा खर्च अधिक होतो. शहाणी माणसे या खटल्यांना हसतात. आम्हांस मात्र त्या हट्टात एक गोष्ट आदरणीय वाटत आली आहे. आपली हद्द दुसऱ्या कोणी ओढली तर ‘ती येथेच का ओढली?’ असे विचारण्याचा आपणांस हक्क आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास सरकारचा अंमलदारही बांधलेला आहे, ही जाणीव त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाच्या रक्तात मुरलेली असते.

परंतु याच शेतकऱ्याच्या शिवारावरून दुसरी एक हद्द जात असते, आणि ती त्याला कधी दिसत नाही. तिला दगड नाही, खूण नाही, निवडुंगाचे कुंपण नाही. ती मतदारसंघाची हद्द होय. आपल्या वतीने मुंबईस व दिल्लीस कोण बोलणार, त्या जागेसाठी आपल्या आळीतील माणूस उभा राहू शकणार की नाही, आपल्या गावाचे मत दहा गावांच्या मतांत मिसळून वजनदार होणार की विरून जाणार, हे सारे त्या रेघेवर अवलंबून असते. चार बोटे जमिनीसाठी तीन न्यायालये चढणारा हा माणूस या रेघेविषयी मात्र मुका असतो. तो भित्रा आहे म्हणून नव्हे. ही रेघ न्यायालयात नेण्याची सोयच कायद्याने दीर्घकाळ ठेवलेली नव्हती म्हणून.

आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. ज्यांना ते मान्य नव्हते ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन मे २०२४ मध्ये नामांतर कायम केले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्याचे नाकारले. निकाल कोणास आवडला, कोणास नाही. पण प्रश्न विचारला गेला आणि त्याला कारणांसह उत्तर मिळाले. गंमत अशी की, त्याच २०२४ सालच्या लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुका ‘उस्मानाबाद’ याच नावाच्या मतदारसंघात पार पडल्या. जिल्ह्याचे नाव बदलले. मतदारसंघाचे बदलले नाही. कारण मतदारसंघाचे नाव, हद्द व प्रकार ही ज्या आदेशात लिहिलेली आहेत तो २००८ सालचा आदेश कायद्याइतका कठीण आहे. नावावर आम्ही न्यायालयात भांडू शकलो. ज्या रेघेने आमचे प्रतिनिधित्व ठरते तिच्यावर भांडू शकलो नाही. नाव मोठे की रेघ मोठी, याचा विचार वाचकांनीच करावा.

त्या आदेशाने येथे काय केले ते थोडक्यात सांगतो. २००४ सालच्या निवडणुकीपर्यंत उस्मानाबादची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती, आणि त्या शेवटच्या राखीव निवडणुकीत कल्पना नरहिरे निवडून आल्या होत्या. जिल्ह्यात कळंब हा विधानसभेचा मतदारसंघही राखीव होता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नवी मांडणी केली, ती २००८ साली अमलात आली. उस्मानाबादची लोकसभेची जागा खुली झाली. शेजारच्या लातूरची राखीव झाली. कळंब हा मतदारसंघ नकाशावरून नाहीसा झाला आणि कळंबकर जिल्ह्याच्या ठिकाणच्या मतदारसंघात जाऊन बसले. राखीव जागा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, उमरग्यास गेली. आज जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आहेत: उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा, लोकसभेसाठी त्यांच्या जोडीला लातूर जिल्ह्यातील औसा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी बांधलेली आहे. २००९ पासून उस्मानाबादहून लोकसभेत गेलेल्यांत अनुसूचित जातीचे कोणी नाही.

कळंब तालुक्यात आमचे एक वृद्ध स्नेही आहेत. आयुष्यभर शाळामास्तरकी केली, आता निवृत्तिवेतनावर पुस्तके वाचतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मून त्यांनी तीन पिढ्यांना मुळाक्षरे शिकविली. त्यांच्यापाशी आम्ही एकदा हा विषय काढला, तेव्हा ते रागावतील अशी आमची अटकळ होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अहो, जागा गेली याचे दुःख नाही. उमरग्याला मिळाली, म्हणजे आपल्याच माणसांना मिळाली. पण घर खाली करायचे झाले तर भाडेकरूलासुद्धा नोटीस देतात, तीत कारण लिहितात. आमची जागा गेली ती का गेली, हे आम्हांला कोणी एका पोस्टकार्डावर तरी कळवायला नको होते का?” या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही, आणि प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेचेच फळ होय.

कारण नव्हते असे नाही. २००२ सालच्या परिसीमन कायद्यात नियम स्पष्ट आहेत. मतदारसंघ शक्यतो सलग व आटोपशीर असावा. नैसर्गिक रचना, तालुक्याजिल्ह्यांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांकडे लक्ष द्यावे. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विभागाव्या, आणि जेथे त्यांचे प्रमाण तुलनेने अधिक तेथे त्या शक्यतो ठेवाव्या. लातूर जिल्ह्यातील प्रमाण धाराशिवपेक्षा अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत लातुरात ते एकोणीस टक्क्यांच्या वर, तर आमच्याकडे सुमारे सोळा टक्के होते. तेव्हा लोकसभेच्या जागेपुरते उत्तर आकड्यांत सापडते. तथापि कायद्यातील ‘शक्यतो’ आणि ‘तुलनेने’ हे दोन शब्द बरेच प्रशस्त आहेत. त्यांच्या आत माणसाच्या मर्जीला पाय पसरून बसता येते. आणि बसली की नाही हे कळण्याचा मार्ग म्हणजे लिहिलेले कारण.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक कथा दडलेली आहे, आणि ती महाराष्ट्राची स्वतःची आहे. २००८ पूर्वी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी १८ जागा राखीव होत्या. त्या एकदम २९ झाल्या. लोकसभेच्या ३ होत्या, त्या ५ झाल्या. आणि विशेष म्हणजे जुन्या तिन्ही, म्हणजे बुलढाणा, पंढरपूर व उस्मानाबाद, यांपैकी एकही राखीव राहिली नाही. ही वाढ कोणाच्या मेहेरबानीने झाली नाही. १९५६ साली नागपुरास लक्षावधी लोकांनी डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धर्म स्वीकारला. गावात त्यांच्या वाट्याला येणारे हाल बदलले नाहीत, परंतु सरकारी यादीतून ते बाहेर पडले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, तेव्हा कुठे ते पुन्हा मोजले जाऊ लागले; राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या जनगणनेतील सुमारे सात टक्क्यांवरून १९९१ मध्ये अकरा टक्क्यांवर गेले. पण मतदारसंघांच्या रेघा १९७१ च्या जनगणनेवर गोठवून ठेवलेल्या होत्या. म्हणून १९९० मध्ये मान्य झालेली माणसे राखीव जागांच्या हिशेबात येण्यास २००८ साल उजाडावे लागले. रेघ वाकडी ओढून जसा अन्याय करता येतो, तसा ती मुळीच न हलवूनही करता येतो, हे आम्ही येथे शिकलो.

आता कोणी विचारील, मग न्यायालय कोठे होते? घटनाकारांनी कलम ३२९ मध्ये लिहून ठेवले की, मतदारसंघांच्या हद्दी व जागांची वाटणी यांविषयीच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नांकित करता येणार नाही. परिसीमन कायद्यानेही तेच बजावले: आयोगाचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचे बळ. याची कसोटी उज्जैनवरून लागली. १९६४ साली तेथील जागा राखीव ठरली, आणि मेघराज कोठारी या तेथील रहिवाशाने आपला उमेदवारीचा हक्क गेला म्हणून दाद मागितली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा आदेश कायद्याच्याच तोडीचा आहे, आणि कलम ३२९ मुळे त्याच्या वैधतेत शिरता येत नाही. प्रत्येक रेघेवर खटला चालू दिला तर निवडणुका होतील केव्हा, हा त्यामागील विचार. दार लागले, आणि पुढे सुमारे सहा दशके ते बव्हंशी लागलेलेच राहिले.

याच काळात अमेरिकेत नेमका उलट प्रवास चालला होता. मतदारसंघाची वाकडी रेघ ही तेथील जुनी खोड होय. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या संमतीने १८१२ साली आपल्या पक्षाच्या सोयीने जे मतदारसंघ आखले गेले, त्यांतील एकाचा आकार सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसला. व्यंगचित्रकाराने त्याला नखे व पंख काढले, आणि गव्हर्नरचे नाव जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्मास आला. परंतु पक्षाची लबाडी ही एक गोष्ट, आणि वर्णद्वेष ही दुसरी. १९५७ साली अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी या गावाची हद्द बदलली. गाव आधी चौकोनी होते. ते अठ्ठावीस बाजूंचे झाले. या कसरतीने गावातील सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चारपाच सोडून सारे गावाबाहेर पडले, आणि गोरा मतदार एकही पडला नाही. टस्कीगीच्या प्रसिद्ध संस्थेत समाजशास्त्र शिकविणारे प्राध्यापक गोमिलियन न्यायालयात गेले, आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गावाच्या हद्दी ठरविण्याचा राज्याचा अधिकार मोठा असला, तरी तो वर्णावरून मताचा हक्क हिरावण्याचे हत्यार होऊ शकत नाही.

तेव्हापासून तेथील न्यायालये या रेघा तपाशीत आली आहेत. त्यांचा मार्गही सरळ नाही, हे सांगितले पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनात १९९२ साली कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य व्हावेत अशा रीतीने एक मतदारसंघ ओढला गेला. तो हमरस्त्याच्या कडेने सुमारे १६० मैल पसरलेला आणि काही ठिकाणी रस्त्याएवढाच रुंद होता. त्या निवडणुकीत १९०१ नंतर प्रथमच त्या राज्यातून कृष्णवर्णीय प्रतिनिधी लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहात गेले. पण काही गोऱ्या मतदारांनी दाद मागितली, आणि १९९३ मध्ये न्यायालय म्हणाले, केवळ वर्ण पाहून असा विचित्र आकार काढला असेल तर राज्याला त्याचे सबळ कारण दाखवावे लागेल. उलट २०२३ मध्ये, जेथे लोकसंख्येत चौथ्या हिश्शाहून अधिक कृष्णवर्णीय असून सात जागांपैकी एकाच जागेवर त्यांचे बहुमत होते, त्या अलाबामाची मांडणी त्याच न्यायालयात टिकली नाही. कधी न्यायालय अल्पसंख्याकांच्या पदरात टाकते, कधी काढून घेते. परंतु दोन्ही वेळा एक गोष्ट समान आहे: रेघ ओढणाऱ्याला पिंजऱ्यात उभे राहून कारण सांगावे लागते.

म्हणून अमेरिकेचे औषध आपण जसेच्या तसे आणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्या खेड्यांच्या रचनेत आहे. अमेरिकेतील शहरांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या व सलग आहेत. त्यांच्याभोवती रेघ ओढून त्यांचे बहुमत करता येते, अथवा त्यांना चिरून ते मोडता येते. आमच्याकडे अस्पृश्य मानलेल्या माणसाला समाजाने गावोगाव एका कडेला बसविले. भूमपासून उमरग्यापर्यंत गावागणिक अशी वस्ती आढळते, पण आमच्या जिल्ह्यात कोणत्याही तालुक्यात तिचे बहुमत नाही. लेखणी कितीही वळविली तरी या विखुरलेल्या वस्त्या एका रेघेत गोळा व्हावयाच्या नाहीत. म्हणून आपण जागाच राखीव केली. उमेदवार त्यांचा, मतदार मात्र सर्व. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ मागे पडून ही पद्धत आली. तिची मर्यादाही लवकरच दिसली: १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकर पराभूत झाले. राखीव जागेवरून जाणाऱ्याला आपल्या वस्तीपेक्षा इतरांचीच मर्जी अधिक सांभाळावी लागते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

आमच्या जिल्ह्याला प्रतिनिधित्वाचे हिशेब नवे नाहीत. निजामाच्या राजवटीत १९३९ साली ज्या राजकीय सुधारणा जाहीर झाल्या, त्यांत प्रदेशापेक्षा व्यवसायावर आधारलेले मतदारसंघ आणि हिंदू-मुसलमानांना समसमान जागा असा घाट होता. संस्थानातील बहुसंख्य प्रजा हिंदू असताना ही समानता कोणत्या मापाने आली, हे विचारण्याची सोय नव्हती. त्याच काळात, फेब्रुवारी १९४१ मध्ये, डॉ. आंबेडकर या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. ज्यांना गावच्या पारावर बसण्याची मुभा नव्हती त्यांनी परिषद भरविली, ठराव केले. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला विचारून व्हावेत ही मागणी या मातीत तेव्हाच रुजली होती. आमच्या मास्तरांचे पोस्टकार्ड हे तिचेच आजचे रूप आहे.

तात्पर्य, आपल्या देशात लेखणीची करामत रेघेच्या आकारात फारशी दिसत नाही; कोणती जागा राखीव करावयाची या निवडीत ती लपते. सच्चर समितीने २००६ साली याच गोष्टीकडे बोट दाखविले: काही राज्यांत मुसलमानांची दाट वस्ती असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव ठरले, आणि जेथे अनुसूचित जातींचे प्रमाण अधिक ते खुले राहिले, असे त्या समितीला आढळले. दोन दुर्बळांपैकी एकाला द्यावयाचे ते दुसऱ्याच्या ताटातून काढून दिले, तर देणाऱ्याचे काहीच जात नाही. हेतू तसा असेलच असे आम्ही म्हणत नाही. पण हेतू नव्हता हे सिद्ध करणारे कारण लिहिलेले नसले, की संशयाला वावरावयास मोकळे रान मिळते.

खेड्यात जे जमत नाही ते शहरात मात्र जमते. नगरपालिकेच्या प्रभागाची रेघ गल्लीगल्लीने जाते, आणि तेथे टस्कीगीची लहान आवृत्ती काढणे अवघड नसते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका लहान गावी प्रभागरचनेचा मसुदा भिंतीवर लागला होता. योगायोगाने आम्ही तेथे नातलगांकडे गेलो होतो आणि हरकतींच्या सुनावणीस जाऊन बसलो. एका वस्तीचे लोक आले होते. त्यांच्या सुमारे दोनशे घरांची वाटणी तीन प्रभागांत झाली होती. त्यांच्यातील एका बाईंनी नकाशावर बोट ठेवून विचारले, “साहेब, ही रेघ आमच्या नळावरून गेली आहे. नळाच्या या बाजूला मी, त्या बाजूला माझी जाऊ. भांडण झाले तर कोणत्या मेंबराकडे जायचे?” सारे हसले, साहेबही हसले. हरकत नोंदवून घेतली गेली. अंतिम रचना लागली तेव्हा रेघ तेथेच होती, आणि हरकतीपुढे दोनच शब्द होते: ‘अमान्य करण्यात येते.’ का, ते नव्हते. त्या बाईंचा प्रश्न विनोदी वाटला तरी तो राज्यशास्त्राचा प्रश्न होता. दोनशे घरे एकत्र असती तर एक मेंबर त्यांना ओळखून असता. तीन ठिकाणी विभागल्यावर ती कोणाच्याच खिजगणतीत राहिली नाहीत.

स्थानिक संस्थांच्या रेघांनाही घटनेने असेच कवच दिले आहे. तथापि १९९५ साली उत्तर प्रदेशातील ग्रामपंचायतींच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक फट ठेवली: हरकती मागविल्याच नाहीत, म्हणणे ऐकलेच नाही, अशी तक्रार असेल तर ती वेगळी. म्हणजे ऐकणे आवश्यक मानले गेले. पण ऐकून काय ठरविले आणि का ठरविले, हे सांगितल्याविना ऐकणे म्हणजे देवळातील घंटा वाजवून परत येण्यासारखे आहे. देवाने ऐकले असेल, पण तो काही बोलत नाही. राजपत्रातील परिसीमनाचा आदेशही आम्ही चाळून पाहिला आहे. आयोगाने जाहीर बैठका घेतल्या, सूचना मागविल्या, हे खरे. परंतु आदेशात आहेत ती कोष्टके. मतदारसंघाचा क्रमांक, नाव, त्यात येणारी तालुके व मंडळे. कळंब का पुसले, याला त्या कोष्टकात रकाना नाही.

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. न्यायालयाचे दार सताड उघडे ठेवले तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच घेतला आहे. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणाला तीन कसोट्या लावल्या. कसोट्या तत्त्वतः योग्य होत्या. पण पुढे आयोग, अहवाल, प्रभागांची संख्या वाढविणारे व ती पुन्हा पूर्ववत करणारे कायदे, आणि त्या प्रत्येकावर याचिका, अशी साखळी लागली. २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावावे लागले. ज्यांच्या प्रतिनिधित्वासाठी भांडण चालले होते, त्यांना भांडण संपेपर्यंत प्रतिनिधीच नव्हता. उज्जैनच्या निकालातील भीती खोटी नव्हती.

असे असूनही जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलपाला थोडी किल्ली लावली, याचा आम्हांस संतोष वाटतो. प्रकरण गुजरातमधील बारडोलीचे होते. तेथील विधानसभेची जागा राखीव ठरल्याविरुद्धची याचिका, कलम ३२९ मुळे आम्हांस पाहताच येत नाही, असे म्हणून गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली होती. न्यायमूर्ती सूर्यकांत व न्यायमूर्ती उज्ज्वल भुयाँ यांनी हे म्हणणे मान्य केले नाही. आदेश उघड मनमानीचा असेल, घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर घटनात्मक न्यायालये तो तपासू शकतात. नाहीतर नागरिकाने गाऱ्हाणे न्यावे कोठे, असा त्यांचा रोख होता. बारडोलीची जागा त्या निकालाने बदलली नाही. बदलले ते तत्त्व.

एक गोष्ट मात्र खटकते. उज्जैन काय, बारडोली काय, दार ठोठावणारे गृहस्थ जागा राखीव झाली म्हणून गेले होते. टस्कीगीत दार ठोठावले ते ज्यांना हद्दीबाहेर टाकले त्यांनी. न्यायालयापर्यंत पोचण्यास पैसा, सवड आणि धीर लागतो; आणि राखीव जागा गमावलेल्या वस्तीकडे या तिन्हींची टंचाई असते. म्हणून केवळ न्यायालयाचे दार किलकिले झाल्याने कळंबच्या मास्तरांना उत्तर मिळेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. उत्तर रेघेबरोबरच आले पाहिजे, न मागता आले पाहिजे.

आमची सूचना त्यामुळे अगदी साधी आहे, आणि तिला खर्च लागत नाही. प्रत्येक मतदारसंघाच्या कोष्टकाखाली चार ओळी असाव्यात: हा येथे का ओढला, राखीव का केला अथवा का काढला, कोणत्या हरकती आल्या आणि त्या कोणत्या कारणाने नाकारल्या. त्या मराठीत असाव्यात आणि तहसील कचेरीच्या भिंतीवर लागाव्यात. कारण लिहावयाचे आहे हे ठाऊक असले की मनुष्य रेघ जपून ओढतो. हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला, न्यायाधीशाला आणि घरखर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणीला आहे. जेथे कारण सबळ असेल तेथे खटले कमी होतील. जेथे नसेल तेथे न्यायालयाला पाहण्यासारखे काही सापडेल. निवडणूकही लांबणार नाही, आणि नागरिकही मुका राहणार नाही.

हे आताच सांगण्याचे कारण असे की, पुढील रेघांचा विचार फार दूर नाही. मतदारसंघांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत २००१ च्या घटनादुरुस्तीने गोठविली होती; जून २०२५ मध्ये नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली, आणि तीत जातींचीही मोजदाद व्हावयाची आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांच्या राखीव जागाही परिसीमनाशी जोडल्या. म्हणजे पुढची लेखणी उचलली जाईल तेव्हा तिच्यापुढे जात असेल, लिंग असेल, प्रांताप्रांतांचे वजन असेल. इतक्या गोष्टी ज्या लेखणीच्या हाती, तिने कधीच कारण सांगू नये, हे लोकांच्या राज्याला शोभत नाही. कळंबच्या मास्तरांचे वय झाले आहे. त्या रेघा त्यांच्या हयातीत ओढल्या जावोत वा न जावोत. ज्या मुलांना त्यांनी वाचावयास शिकविले, ती तहसीलच्या भिंतीपाशी उभी राहतील तेव्हा कोष्टकाखाली त्यांना वाचण्यासारखे काही असावे, एवढीच आमची मागणी आहे.